भोकाचा व्यास मोजता, मग रस्ता कोण मोजणार? पर्यावरण मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय,
वन सल्लागार समितीचे सगळे सदस्य,
आणि माहितीसाठी महाराष्ट्राचा वनविभाग

सप्रेम नमस्कार,

सरकारी जंगलात खनिज शोधायला जे ड्रिलिंग होतं त्याबद्दल हे पत्र आहे. खाणीबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण खाण हा शब्द आला की विकास पाहिजे की नको यावरच सगळे तुटून पडतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. मी बोलतोय ते खाणीच्या आधीच्या कामाबद्दल. खनिज आहे का, किती आहे, किती खोल आहे हे बघायला मशीन जंगलात नेतात, बोअर मारतात, आतला दगड नळीसारखा काढून पेट्यांमध्ये भरतात आणि निघून जातात. तुमच्या कागदावर याला सर्व्हे म्हणतात आणि सर्व्हे म्हटला की मग बाकीचं बरंच काही विचारायची गरजच उरत नाही.

२०२३ मध्ये वन संवर्धन कायदा बदलला, नावही बदललं, १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. त्यातल्या कलम २ मध्ये आता लिहिलंय की रेकी, प्रॉस्पेक्टिंग, एक्स्प्लोरेशन, सिस्मिक सर्व्हे वगैरे खनिज शोधायची कामं केंद्र सरकार आदेश काढून आणि अटी घालून 'वनेतर वापर' नाहीच असं ठरवू शकतं. म्हणजे काम जंगलातच होणार, मशीन जंगलातच येणार, पण कायद्याच्या नजरेत जंगलाचा वापर बदललाच नाही! वापर बदलला नाही म्हणून वळतीकरणाचा, म्हणजे जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायचा, प्रस्ताव नाही, प्रस्ताव नाही म्हणून ग्रामसभेपुढे काही जायचं कारण नाही, आणि मंजुरीचा आदेशच निघाला नाही तर हरित लवादात अपील तरी कशावर करणार? एका वाक्यात तीन दारं बंद झाली, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात आलं असं मला वाटतं, कारण त्या वेळी सगळी चर्चा 'जंगल कशाला म्हणायचं' यावर होती. तीही महत्त्वाची होतीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की १९९६ च्या गोदावर्मन निकालातला जंगलाचा अर्थ, म्हणजे शब्दकोशात असतो तो, तूर्त तसाच धरा. पण या सर्व्हेच्या पोटकलमाकडे त्या गडबडीत दुर्लक्ष झालं.

आता तुम्ही म्हणाल सूट काय आजची आहे का. बरोबर, आजची नाही. आधीही तुमच्या गाईडलाईन्समध्ये टेस्ट ड्रिलिंगला सूट होती, आणि ती किती होती ते आठवा: १०० चौरस किलोमीटरला जास्तीत जास्त १० बोअरहोल, व्यास ४ इंचांपर्यंत, आणि एकही झाड न तोडता. त्या पलीकडे गेलात तर परवानगी घ्या. नंतर ही मर्यादा सैल होत गेली. पण माझं भांडण आकड्यापेक्षा मोजमापाशी आहे. तुम्ही मोजताय काय, तर भोकं किती आणि भोकाचा व्यास किती.

जरा गणित करू, शाळेतलंच आहे. ४ इंचाचं एक भोक जमिनीवर जागा व्यापतं साधारण ८१ चौरस सेंटिमीटर. अशी दहा भोकं धरली तरी ती सगळी मिळून एका वहीच्या दोन पानांएवढी होतील, फार तर. पण ते मशीन तिथे उडत जात नाही ना. रिग, म्हणजे ड्रिलिंगचं मशीन, ट्रकवर नाहीतर ट्रॅक्टरवर येते, मागून पाण्याचा टँकर येतो, डिझेलची पिंपं येतात, तीन तीन मीटरचे रॉड येतात, माणसं येतात. त्याला वाट लागते. ३ मीटर रुंदीची एक किलोमीटर वाट म्हणजे ३,००० चौरस मीटर. मशीन उभं करायला सपाट जागा करावी लागते, उतारावर असेल तर एका बाजूने कापून दुसरीकडे भर घालावी लागते, शेजारी चिखलपाणी सोडायला खड्डा खणावा लागतो. आणि आपण मोजतोय ४ इंच. म्हणजे ज्या गोष्टीने जंगलाला सगळ्यात कमी फरक पडतो नेमकी तीच गोष्ट सूट द्यायची की नाही हे ठरवते, आणि ज्याने खरा फरक पडतो ती वाट, तो खड्डा, ते पाणी, ते महिनोन्महिने चालणारं इंजिन हे अटींच्या तळटीपेत कुठेतरी.

'झाड न तोडता' ही अट चांगली आहे, तिला विरोध नाही. पण जंगल म्हणजे फक्त मोठी झाडं का? वाट काढताना झुडपं जातात, रोपं जातात, बांबूची बेटं जातात, आणि उघड्या झालेल्या मातीवर पहिल्या पावसानंतर काय उगवतं हे कुठल्याही बीट गार्डला विचारा, घाणेरी आणि रानतुळस. एकदा ती घुसली की हटत नाही. शिवाय वाट झाली की ती फक्त रिगसाठी राहत नाही. मग त्या वाटेने लाकूडवाला जातो, शिकारी जातो, मोटरसायकल जाते, उन्हाळ्यात कोणीतरी बिडी टाकतो आणि वणवा लागतो. कंपनीचं काम सहा महिन्यांत संपतं. वाट तिथेच राहते.

भोकांच्या संख्येबद्दलही एक गोष्ट आहे जी परवानगीच्या कागदावर दिसत नाही. खनिजाचा शोध टप्प्याटप्प्याने होतो, जी४, जी३, जी२, जी१. जी४ म्हणजे वरवरची पाहणी, जी१ म्हणजे इतकी बारीक माहिती की खाणीचा आराखडा करता येईल. प्रत्येक टप्प्यात भोकं एकमेकांच्या आणखी जवळ येत जातात. ४०० मीटर अंतराने चौकटीत भोकं पाडली तर एका चौरस किलोमीटरला सहाच्या आसपास होतात, तेच अंतर २०० मीटर केलं की २५, आणि १०० मीटर केलं की १००. अंतर निम्मं केलं की भोकं चौपट. पण कागदावर प्रत्येक वेळी अर्ज नवा, टप्पा नवा, कधी एजन्सी पण नवी. एकूण बेरीज कोणाकडेच नाही. एकाच वनकक्षात (वनविभागाच्या नकाशावरचा जंगलाचा तुकडा) दहा वर्षांत किती एजन्सी येऊन गेल्या, किती बोअर झाले, किती बुजवले, हे डीएफओ (विभागीय वनाधिकारी) ऑफिसला विचारलं तर फायली काढाव्या लागतील, आणि मला वाटतं सगळ्या सापडणारही नाहीत.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. तेलंगणात नल्लमलाच्या जंगलात अमराबाद व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे युरेनियम शोधायला ८३ चौरस किलोमीटरचा प्रस्ताव आला होता आणि मे २०१९ मध्ये तुमच्याच वन सल्लागार समितीने त्याला तत्त्वतः होकार दिला. किती भोकं, तर बातम्यांमध्ये आलेला आकडा सुमारे ४,०००. म्हणजे चौरस किलोमीटरला जवळपास ४८. व्याघ्र प्रकल्पात! तिथे चेंचू आदिवासी राहतात, खाली कृष्णा नदी आहे. लोक रस्त्यावर आले, सिनेमातले कलाकार बोलायला लागले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तेलंगणा विधानसभेने एकमताने युरेनियम खाणीविरोधात ठराव केला. आता बघा, तिथे लोकांना कळलं तरी, कारण व्याघ्र प्रकल्प होता, वन्यजीव मंडळाची पायरी होती, समितीचं इतिवृत्त बाहेर आलं. साध्या प्रादेशिक वनविभागात हे झालं असतं तर?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय, कारण आमच्या विदर्भात वाघ काही फक्त ताडोब्याच्या गेटच्या आत राहत नाही. ब्रह्मपुरीच्या प्रादेशिक जंगलात वाघ आहेत, ताडोब्यातून नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणारा वाघ जातो तो अशाच जंगलातून, शेतांच्या कडेने, नाल्यानाल्याने. या जंगलाला अभयारण्याचा दर्जा नाही म्हणून वन्यजीव मंडळाची चाळणी नाही, आणि आता सर्व्हेला सूट म्हणून वन कायद्याची चाळणीही पातळ. आणि खनिजं नेमकी याच पट्ट्यात आहेत. नागपूर जिल्ह्यातला कुही-खोबणा पट्टा टंगस्टनसाठी कित्येक वर्षं माहितीतला आहे, भंडारा-गोंदियाकडे व्हॅनेडियमवालं मॅग्नेटाईट आहे, गडचिरोलीत लोखंड आहे. टंगस्टन आणि व्हॅनेडियम दोन्ही केंद्राच्या २०२३ च्या ३० क्रिटिकल मिनरल्सच्या, म्हणजे देशासाठी अत्यावश्यक खनिजांच्या, यादीत आहेत. म्हणजे मशीन येणार हे उघड आहे, फक्त तारीख ठरायची आहे.

आणि वेगही वाढणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये नॅशनल क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झालं, १६,३०० कोटींचं, त्यात २०३०-३१ पर्यंत जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) १,२०० शोधप्रकल्प करायचे आहेत. जीएसआय जुनी संस्था आहे, १८५१ पासूनची, त्यांच्या लोकांनी पायी फिरून या देशाचे नकाशे केलेत आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. बॅटरी, सोलर, पवनचक्की यांना खनिज लागतं हेही मला मान्य आहे, मोबाईल हातात धरून 'खनिज नको' असं मी म्हणणार नाही. पण आता शोधात खाजगी कंपन्याही आल्यात. २०२३ च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीने एक्स्प्लोरेशन लायसन्स आणलं, एका लायसन्सला १,००० चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र मिळू शकतं, आणि त्या कंपनीची कमाई कुठून, तर पुढे त्या जागेवर खाणीचा लिलाव झाला की त्यातल्या प्रीमियममधून, म्हणजे लिलाव जिंकणारा सरकारला जी बोलीची रक्कम देतो तिच्यातून, हिस्सा. थोडं थांबून विचार करा. खाण झाली तरच पैसा. मग ती कंपनी तिच्या रिपोर्टमध्ये 'इथे झरा आहे, इथे वाघाची वाट आहे, इथे पुढे न गेलेलं बरं' असं लिहील का? तिला दोष देत नाही, धंदाच तसा आखलाय. म्हणून तर तपासणी बाहेरच्या कोणीतरी करायला हवी आणि ती मशीन येण्याआधी करायला हवी.

तुमच्याकडून नेहमी एक उत्तर मिळतं आणि ते ऐकायला बरोबर वाटतं. ते म्हणजे, अहो हा फक्त शोध आहे, खाण करायची वेळ आली की ईआयए, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, होईल, जनसुनावणी होईल, तेव्हा बोला की. ठीक. मग हा इतिहास बघू.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेत खनिज शोधाला सूट होती पण ती होती 'ड्रिलिंग नसलेल्या' शोधाला. म्हणजे २००६ साली तुमच्याच मंत्रालयाला हे माहीत होतं की ड्रिलिंग ही वेगळी गोष्ट आहे, तिला नुसत्या पाहणीत मोजता येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती आली आणि ते दोन शब्द गेले, राहिलं ते एवढंच की खनिज शोधाला सूट. बरं, तेव्हाही खाणीच्या वेळची जनसुनावणी शिल्लक होती. मग सप्टेंबर २०२५ मध्ये तुम्ही ऑफिस मेमोरँडम (कार्यालयीन आदेश) काढून अणुखनिजं आणि क्रिटिकल-स्ट्रॅटेजिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून मोकळं केलं. आता सांगा, शोधाच्या वेळी म्हणायचं खाणीच्या वेळी बोला, आणि खाणीच्या वेळी सुनावणीच नाही. मग गावाने बोलायचं कधी? लिथियम, टंगस्टन, व्हॅनेडियम यांच्या बाबतीत तरी 'नंतर बोला' हे उत्तर आता तुम्ही देऊ शकत नाही, तुम्हीच ते बाद केलंय.

आणि सुनावणी असती तरी उशीरच झाला असता असं माझं प्रामाणिक मत आहे. एकदा कोट्यवधी रुपये जमिनीत घालून, साठा अमुक लाख टन असा आकडा पेपरात छापून आला की त्यानंतर नाही म्हणायची हिंमत कुठल्या सरकारची होते? फेब्रुवारी २०२३ आठवा, जम्मू-काश्मीरमधल्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडलं म्हणून केवढा गाजावाजा झाला. तो आकडा जी३ पातळीचा होता, म्हणजे अंदाजाचा. लिलाव काढला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत, रद्द करावा लागला. आता आणखी माहिती पाहिजे, म्हणजे आणखी ड्रिलिंग. नाही म्हणणं सगळ्यात स्वस्त असतं ते पहिल्या रिगच्या आधी. त्याच वेळी तुम्ही प्रश्नच विचारत नाही.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ड्रिलिंगच्या चर्चेत झाडं येतात, वाघ येतात आणि पाणी राहून जातं. कोअर ड्रिलिंगला, म्हणजे आतला दगड नळीसारखा काढणाऱ्या ड्रिलिंगला, पाणी सतत लागतं, हिऱ्याचं बिट (टोकाचं कापणारं तोंड) थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला, एका मशीनला दिवसाला हजारो लिटर. पावसाळ्यात जंगलात गाडी जात नाही म्हणून काम चालतं ते दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे नेमकं जेव्हा नाल्यात डबकी उरलेली असतात आणि त्या डबक्यांवर चितळापासून बिबट्यापर्यंत सगळे येतात तेव्हा आपला टँकर तिथे पाईप टाकून बसणार. जवळच्या गावाची माणसं त्याच महिन्यांत मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात असतात आणि मग तेंदूपत्ता सुरू होतो. रात्रपाळीला मशीन चालू, लाईट चालू, आवाज चालू. जनावर त्या बाजूला येत नाही, ते दुसरीकडे जातं, आणि दुसरीकडे म्हणजे बऱ्याचदा गावाकडे. मग माणूस-वन्यजीव संघर्षाच्या बातम्या येतात आणि समित्या बसतात.

वरचं पाणी झालं, आता खालचं. शंभर, दोनशे, तीनशे मीटर खोल भोक म्हणजे वरचा मुरमाचा थर आणि खालच्या दगडातल्या भेगा यांना जोडणारा सरळ पाईप. आमच्याकडे कठीण दगड आहे, पाणी असतं ते त्या वरच्या झिजलेल्या थरात आणि काही भेगांत. भोक नीट बुजवलं नाही तर वरच्या थरातलं पाणी त्यातून खाली निसटू शकतं, किंवा खालचं दाबाखालचं पाणी वर येऊन वाहत राहू शकतं, आणि त्यात काय विरघळलंय ते दगडावर अवलंबून. गंधकयुक्त खनिजांचा चुरा उघड्यावर पडला की हवा-पाण्याने त्यातून आम्ल सुटतं. युरेनियमच्या बाबतीत तर ऑक्सिजन असलेलं पाणी आत गेलं की ते जास्त विरघळतं. उपाय काही रॉकेट सायन्स नाही, तळापासून वरपर्यंत सिमेंटचं ग्राऊट भरायचं, केसिंग (भोकात घातलेला आधाराचा पाईप) काढायचं नाहीतर कापायचं, वर क्रमांक टाकायचा, फोटो काढायचा. होतं का? काही एजन्सी करतात. काही ठिकाणी मात्र वर एक दगड ठेवला की काम संपलं. बेवारस बोअरवेलमध्ये लहान मुलं पडतात म्हणून २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाला सूचना काढाव्या लागल्या, त्या शेतातल्या आणि गावातल्या बोअरसाठी. जंगलातल्या बोअरकडे बघायला तर कोणी फिरकतही नाही.

ग्रामसभेचं सांगतो. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो म्हणून थोडक्यातच लिहितो. १९९६ चा पेसा कायदा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा, काढून बघा, कलम ४. त्यात लिहिलंय की अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचं प्रॉस्पेक्टिंग लायसन्स देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक. प्रॉस्पेक्टिंग! म्हणजे शोधाच्या वेळीच लोकांना विचारायला पाहिजे हे तीस वर्षांपूर्वी संसदेला पटलं होतं. पण ते मुरूम आणि वाळूसाठी. लोखंडासाठी नाही, टंगस्टनसाठी नाही. मुरमाच्या खड्ड्याला विचारायचं आणि हजार चौरस किलोमीटरच्या शोधाला विचारायचं नाही, हा कुठला हिशेब? आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी ते गाव. उद्या अशा एखाद्या गावाच्या हक्काच्या जंगलात सर्व्हेची रिग गेली तर परवानगी कोणाची, बुजवलंय की नाही बघणार कोण, आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार? ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सुप्रीम कोर्टाने बॉक्साईटच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोडला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. कदाचित म्हणूनच विचारायची भीती वाटत असेल.

पैशाचंही बघा. खाण झाली तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये रॉयल्टीच्या हिशेबाने पैसे जमा होतात, निदान कागदावर तरी गावाचं काहीतरी ठरलेलं असतं. शोधात रॉयल्टी नाही, म्हणून काहीच नाही. आणि बहुतेक शोध खाणीपर्यंत पोचतच नाहीत हे भूवैज्ञानिकच सांगतात. म्हणजे बऱ्याच गावांच्या वाट्याला येणार फक्त वाट, खड्डा आणि भोक, खाण पण नाही आणि पैसे पण नाहीत.

अमेरिकेत सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही, तिथेही एक वर्षाच्या आत संपणाऱ्या छोट्या शोधकामाला सविस्तर अभ्यासातून सूट मिळू शकते आणि त्यावरून कोर्टबाजी चालते. पण तिथल्या राष्ट्रीय वनांत जमिनीला लक्षात येईल एवढा धक्का बसणार असेल तर कंपनीला कामाचा आराखडा वनविभागाकडे आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि जागा पूर्ववत करायच्या खर्चापोटी हमीची रक्कम मागता येते. काम संपवून जागा नीट केली की पैसे परत. आपल्याला एवढं जमू नये?

तर मागणं काय आहे. मोठा जाडजूड ईआयए रिपोर्ट प्रत्येक बोअरला लावा असं मी म्हणत नाही, तसा रिपोर्ट कॉपी-पेस्ट होतो हे आपण सगळे जाणतो. एक दहा पानांची तपासणी चालेल पण ती खरी हवी. सूट मोजायची तर भोकाच्या व्यासावरून न मोजता जमिनीला लागणाऱ्या एकूण धक्क्यावरून मोजा, नवी वाट किती मीटर, सपाट केलेली जागा किती, पाणी कुठून आणि रोज किती, कुठले महिने, रात्रपाळी आहे की नाही. जिथे जुनी जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेली पट्टी) किंवा वनविभागाची वाट आहे तिथूनच मशीन न्या, नसेल तर हलकी, सुटी करून माणसांनी उचलून नेता येणारी मशीनं मिळतात, ती वापरा, महाग पडतात म्हणून नाही म्हणू नका. पाणवठ्याच्या आणि झऱ्याच्या जवळ बोअर नको, आणि उन्हाळ्यात नाल्यातलं पाणी उपसायचं नाही, बाहेरून आणायचं. हे सगळं स्थानिक आरएफओने (वनक्षेत्रपाल) जागेवर जाऊन बघून सही करावी, ऑफिसात बसून नाही.

मग ते सगळं परिवेश पोर्टलवर, म्हणजे तुमच्या परवानग्यांच्या वेबसाईटवर, टाका, सूट मिळालेलं काम असलं तरीही टाका, मराठीत आणि शक्य तिथे गोंडीत एक पानाचा गोषवारा ग्रामसभेला द्या, ३० दिवस थांबा, लोक काय म्हणतात ते लिहून घ्या आणि त्यावर लेखी उत्तर देऊन आदेश काढा. आदेश काढणं यासाठी महत्त्वाचं की त्याला आव्हान देता येतं. सूट म्हणजे हवेत काठी, तिला कोण पकडणार. व्याघ्र भ्रमणमार्गात आणि सामूहिक वनहक्काच्या जंगलात तर सूट नकोच, तिथे पूर्ण परवानगी आणि ग्रामसभेची संमती. आणि तपासणी टप्प्याची नको, जंगलाच्या त्या तुकड्याची पाहिजे, म्हणजे जी४ पासून जी१ पर्यंत कोणीही कितीही वेळा आलं तरी बेरीज एकाच ठिकाणी दिसेल.

अनामत रक्कम प्रत्येक बोअरमागे घ्या आणि ती परत कधी द्यायची तर पुढचा एक पावसाळा गेल्यावर, पाहणी करून. कारण उन्हाळ्यात बुजवलेलं सगळंच छान दिसतं, खरं काय ते पावसात कळतं. ग्रामसभेचे दोन जण त्या पाहणीत असू द्या, त्यांना जंगलातली ती जागा जीपीएसशिवाय सापडते.

शेवटची गोष्ट जुन्या भोकांची. नवीन नियम करायला तुम्हाला वेळ लागेल, समजू शकतो, मसुदा, हरकती, अधिसूचना. पण आजवर महाराष्ट्राच्या जंगलात जेवढे शोधबोअर झाले त्यांची यादी करायला कुठलाही नवीन कायदा लागत नाही. जीएसआय, एमईसीएल (केंद्राची खनिज शोधणारी कंपनी), राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय, कोळशासाठी सीएमपीडीआय (कोल इंडियाची नियोजन संस्था), या सगळ्यांकडे बोअरचे अक्षांश-रेखांश असतातच, त्याशिवाय त्यांचा रिपोर्टच होत नाही. ते वनकक्षाच्या नकाशावर टाका, प्रत्येकापुढे बुजवलं की नाही एवढा एक रकाना ठेवा, आणि पहिली जिल्हावार यादी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या पाच जिल्ह्यांची काढा. 'माहीत नाही' असं किती बोअरपुढे लिहावं लागतं ते आम्हालाही बघायचंय.

कळावे,
जंगलाला लागून असलेल्या गावातला एक नागरिक